डबा रिकामा द्यायचा नसतो

आमच्या कंपनीत दर वर्षी ‘अन्न सुरक्षा सप्ताह’ साजरा होतो. कँटीनच्या दारावर फलक लागतो आणि त्यावर पांढरी टोपी घातलेला एक गुबगुबीत स्वयंपाकी अंगठा दाखवत उभा असतो. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे त्या चित्रकाराला कुणी सांगितलं नसावं. मला मात्र ते चित्र बरोबर वाटतं.

यंदा बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी आम्हाला ट्रेनिंग हॉलमध्ये बसवलं आणि सांगितलं की अन्नसुरक्षेचे दोन अर्थ आहेत. इंग्रजीत त्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, मराठीत एकच, म्हणून लोकांचा घोटाळा होतो. पहिला अर्थ, जेवून माणूस आजारी पडू नये. दुसरा, माणसाला जेवायला मिळावं. अन्न बाजारात असलं पाहिजे, ते घेण्याची ऐपत पाहिजे, खाल्लेलं अंगी लागलं पाहिजे आणि हे सगळं आज आहे तसं उद्याही राहिलं पाहिजे. मॅडम बोलत छान होत्या. मग त्यांनी विचारलं, या सुरक्षेवर कशाकशाचा परिणाम होतो? कुणी म्हणालं पाऊस, कुणी महागाई. एकाने युद्ध म्हटलं. मागच्या रांगेतून सरकार असं आलं आणि सगळे हसले. नंतर चिठ्ठीवर एक ओळ लिहायची होती. मी ‘जेवणापूर्वी हात धुणे’ असं लिहिलं आणि मला एक पेन बक्षीस मिळालं.

तिसरा अर्थ मी सांगितला नाही. चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुरक्षा म्हणजे गेटवर निळा शर्ट घालून बसलेलं माणूस. काही वर्षांपूर्वी, याच गुबगुबीत स्वयंपाक्याच्या आठवड्यात, या तिसऱ्या सुरक्षेने माझ्या आईला अन्नासकट पकडलं होतं. अन्न म्हणजे मूठभर साखर.

आम्ही मूळचे मराठवाड्यातले. इथे कुरुळीच्या पुढे एका गावकऱ्याने आपल्या रानात पत्र्याच्या खोल्यांची रांग बांधली आहे, त्यातल्या एका खोलीत आई, मी आणि बारावीतली धाकटी बहीण राहायचो. वडील गावाकडेच राहिले. त्यांना इथली हवा मानवली नाही असं आम्ही लोकांना सांगतो. खरं म्हणजे त्यांना काम मानवत नाही. मालकीणबाई जुन्या गावकीतल्या, नाकात नथ, हातात मोठा फोन. भाडं घ्यायला आल्या की उंबऱ्यावर बसून त्या रानाकडे हात करायच्या आणि म्हणायच्या, हितं आमचा कांदा व्हायचा, बटाटा व्हायचा, आता भाडं व्हतंय. त्यात दुःख नव्हतं. भाड्याला पाणी द्यावं लागत नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

आई आणि मी एकाच कंपनीत होतो, पण ठेकेदार वेगवेगळे. मी लाइनवर वायरिंगच्या जोडणीला, आई कँटीनमध्ये चपात्या लाटायला. ठेक्यावरच्या माणसाला काही महिने झाले की ‘ब्रेक’ देतात. ब्रेक म्हणजे विश्रांती नव्हे. तुम्ही फार दिवस सलग राहिलात तर कायम व्हाल की काय, या भीतीने तुम्हाला मधेच घरी बसवतात आणि पुन्हा नव्याने घेतात, किंवा घेत नाहीत. त्या वेळी माझा ब्रेक चालू होता. घर आईच्या पगारावर होतं, आणि त्याहून जास्त आईच्या ताटावर.

हे ताट नीट समजावून सांगायला हवं, कारण आमचं सगळं त्याच्यावर उभं होतं. कँटीनमधल्या बायकांना दुपारी तिथेच जेवण मिळायचं. भात, आमटी, भाजी, चपात्या आणि बुधवारी गोड. आई सकाळी नुसत्या चहावर जायची, दुपारी कंपनीत पोटभर जेवायची आणि संध्याकाळी आमच्यासमोर भाकरीचा चतकोर मोडून म्हणायची, मी तिकडं जेवले, पोट गच्च आहे. म्हणजे घरात माणसं तीन, पण पीठ दोघींचं लागायचं. तिसरीला कंपनी पोसत होती. ते ताट गेलं तर पगार तर जाईलच, पण घरात खाणारं एक तोंड नव्याने येईल, आणि ते तोंड आपल्या आईचं असेल, हे मला बी.एस्सी.च्या कुठल्याही गणितापेक्षा आधी कळलं होतं.

मी कामावर असताना त्याच कँटीनमध्ये ट्रे घेऊन रांगेत उभी राहायचे आणि पलीकडे आई चपात्या वाढायला असायची. तिने मला कधी एक चपाती जास्त दिली नाही. उलट करपलेली असेल ती नेमकी माझ्या ट्रेमध्ये पडायची. लेकीला झुकतं माप देते, असं सुपरवायझरने म्हणू नये म्हणून. मी चिडायचे. ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, पुढच्याला वाढायची.

आता कुणी म्हणेल, रेशन असतं ना. असतं. आमचं कार्ड गावाकडे, आजोबांच्या नावावर, त्यावर अन्न सुरक्षा असा शिक्का आणि आतमध्ये आमची सगळ्यांची नावं. धान्य चुलते उचलतात. इथल्या दुकानदाराने सांगितलं, नावं तिकडून कमी करून आणा. चुलत्याला फोन केला तर तो म्हणाला, नावं कमी केली तर आमचं धान्य कमी होईल, त्याचं काय? आता कुठल्याही गावचं धान्य कुठेही मिळतं असं टीव्हीवर सांगतात. तेही करून पाहिलं. दुकानदाराच्या मशीनवर आईने अंगठा ठेवला, तर मशीन म्हणालं की यांनी या महिन्याचं उचललं आहे. चुलत्याने आधीच उचललं होतं. आईच्या नावाचा तांदूळ आईला न विचारता कुणीतरी खात होतं, आणि ते कुणीतरी दिवाळीला आमच्याकडून पाया पडून घ्यायचं. शेवटी आम्ही मालकीणबाईंकडून रेशनचेच गहू विकत घ्यायचो आणि ज्वारीत मिसळून दळायचो. त्यांचं कार्ड चालू होतं. एकदा आईने विचारलं, तुम्ही नाही का खात हे? तर त्या म्हणाल्या, “आमी कशाला खातोय? कोंबड्यास्नी घालतो. तुमी मागताय म्हणून ठिवलं.”

पलीकडच्या खोलीत सिक्युरिटी राहायची. तिचं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण हाक तीच. आमच्याच कंपनीच्या लेडीज गेटवर ती ड्यूटीला होती. सोलापूरकडची, माझ्याहून थोडी मोठी, नवरा टेम्पोवर. तो आठवडे आठवडे बाहेर असायचा आणि आला की पैसे यायचे. आमच्या आणि तिच्या खोलीमध्ये एकच पत्रा. इकडे आईने भाकरी थापायला घेतली की पलीकडे ऐकू जायचं. तिला त्याची गंमत वाटायची. पत्र्यावर टकटक करून ती तिकडून विचारायची, “काय मावशी, पाव्हणं आलंय का? आज थापा वाढल्या.” आई तेव्हापासून हलक्या हाताने थापायला लागली. आपण किती खातो हे शेजारी कळू नये, आणि किती कमी खातो हे तर मुळीच कळू नये.

ती गावी जत्रेला गेली होती, तिथून शेंगाची चटणी आणली. तिच्या लग्नातल्या स्टीलच्या डब्यात भरून आईला दिली. झाकणावर आतल्या बाजूला तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं, आडनावासकट, खाली तिचं. चटणी चांगली होती. भाजी परवडत नव्हती त्या आठवड्यात आम्ही ती भाकरीला लावून खाल्ली, आणि खरं सांगायचं तर आमची भाजी बंद झाल्याचं पत्र्यापलीकडून ऐकूनच तिने ती दिली असणार. फोडणीचा आवाजही पत्र्यातून जातो.

डबा संपला आणि खरी अडचण सुरू झाली. डबा रिकामा द्यायचा नसतो. हे मराठी घरात कुणी शिकवत नाही, पोरीच्या अंगात ते आपोआप येतं. शेजारणीकडून भांडं आलं की परत जाताना त्यात काहीतरी जायला हवं. लाडू असतील तर लाडू, नाहीतर चार मिरच्या, तेही नसेल तर चिमूटभर साखर. आईपुढे याबाबतीत कुणाचं काही चालत नसे. एकदा गावाकडे घरात खरंच काही नव्हतं, तर तिने परसातल्या कढीपत्त्याची फांदी तोडून भांड्यात घातली होती. रिकामं भांडं दिलं की दोन्ही घरांची बरकत जाते म्हणे. आमच्या घरात बरकत कधी आली होती ते मला आठवत नाही, पण ती जाऊ नये म्हणून आई फार जपायची.

त्या वेळी आमच्या खोलीत साखरसुद्धा संपली होती. आणि गेटवर रोज डब्याची विचारणा होत होती. सिक्युरिटीला तोच डबा जेवणासाठी लागायचा. त्या दिवसांत दोघींच्या शिफ्ट उलट्या होत्या. आई दुपारी सुटायची तेव्हा ती गेटवर चढायची, घरी गाठ पडायची नाही. ती आईला म्हणाली, “गेटावरच द्या की मावशी. मला तिथंच लागतोय.”

मग आईने काय केलं ते सांगते, कारण लोक अजून चोरी म्हणतात. कँटीनच्या बायकांना दिवसातून दोनदा चहा मिळायचा. साखर ज्याने त्याने आपल्या हाताने घालायची. आई काही दिवस बिनसाखरेचा चहा प्यायली. प्रत्येक वेळी आपल्या वाट्याचा चमचा तिने चहात न घालता एका कागदाच्या पुडीत घातला आणि पुडी कट्ट्यामागे ठेवली. मूठभर जमल्यावर ती सकाळी डबा बरोबर घेऊन गेली आणि साखर त्यात ओतली. तिच्या दृष्टीने ती साखर तिची होती. आपल्या वाट्याचं आपण खाल्लं नाही तर ते आपलंच राहतं, कुणालाही देता येतं, असा तिचा हिशोब. घरी तोच चालायचा. कंपनीत तो चालत नाही, हे तिला इतकी वर्षं चपात्या लाटूनही कळलं नव्हतं. कंपनी जेवण देते ते तुमच्या पोटात घालायला. तुम्ही ते खाल्लं नाही तर ते परत कंपनीचं होतं, आणि कंपनी ते डुकरांना देते.

हे मी रागाने बोलत नाही, तशी व्यवस्थाच आहे. उरलेलं अन्न निळ्या ड्रममध्ये भरतात आणि डुकरं पाळणाऱ्या ठेकेदाराची गाडी येऊन ते घेऊन जाते. गाडीला गेटपास असतो. ड्रम कुणी उघडून बघत नाही, वास येतो.

त्या दुपारी मी गेटबाहेरच होते. माझा ब्रेक कधी संपतो हे विचारायला ठेकेदाराच्या माणसाकडे आले होते आणि तो जेवायला गेला होता. लेडीज गेटच्या जाळीतून मला आत दिसत होतं. सप्ताह चालू असल्याने सुरक्षा अधिकारीही स्वतः गेटवर येऊन बसला होता, डोक्यावर कॅमेरा होताच. बायका रांगेने येत होत्या, पिशव्या उघडत होत्या. सिक्युरिटी आत हात घालून चाचपत होती. डबा असला तर झाकण काढायचं, आत काही नाही हे दाखवायचं, पुढे जायचं. आमच्याकडे डबा रिकामा द्यायचा नसतो आणि कंपनीत तो रिकामाच बाहेर न्यायचा असतो.

आई तिच्यासमोर आली. डोक्यावर केस झाकायची पांढरी जाळी तशीच होती. ती हसली. तिने पिशवीतून डबा काढून दोन्ही हातांनी पुढे केला, हळदीकुंकवाला वाण द्यावं तसा. सिक्युरिटीनेही सवयीने तो घेतला आणि सवयीने झाकण काढलं. तिला आत साखर दिसली. ती क्षणभर तशीच उभी राहिली. त्या क्षणात ती झाकण लावू शकत होती, असं मला अजून वाटतं. अधिकारी फोनमध्ये बघत होता. कॅमेऱ्याला साखर आणि मीठ यातला फरक कळत नाही.

“सर,” ती म्हणाली, “हितं माल सापडलाय.”

साखरेचा माल झाला. अधिकारी उठून आला. त्याने डब्यात बोट घालून चाटून पाहिलं, म्हणजे कंपनीची साखर त्यानेही खाल्ली, पण ती तपासणी होती. आईला अजून वाटत होतं की काहीतरी चुकीची समजूत झाली आहे आणि ती दूर करता येईल. ती सिक्युरिटीला म्हणाली, “अगं, तुझाच डबा हाय ना माय. रिकामा कसा देऊ?”

अधिकाऱ्याने सिक्युरिटीकडे पाहिलं. विचारलं, तुझा आहे? आणि ती म्हणाली, “माझा न्हाई. मला काय ठावं कुणाचा हाय.”

मी जाळीला धरून उभी होते. आईचा चेहरा मला बाजूने दिसत होता. आईविषयी लोक नेहमी गरीब बिचारी म्हणतात, ते मला कधी पटलेलं नाही, आणि त्या दिवशी ते कुणालाच पटलं नसतं. ती रडली नाही, हात जोडले नाहीत. तिला लिहितावाचता येत नाही, पण कुठल्या भांड्यावर काय कोरलंय हे तिला नेहमी माहीत असतं. ती अगदी सावकाश म्हणाली, “झाकण पालथं करा साहेब.”

साहेबांनी झाकण पालथं केलं आणि वाचलं. मग त्यांनी सिक्युरिटीच्या शर्टावरची पट्टी वाचली. आडनाव तेच होतं.

दोघींना तिथल्या तिथे काढलं. आईला चोरीसाठी, आणि हिला चोरीत सामील म्हणून. साहेबांचं म्हणणं असं की डबा हिचा, माल तिचा, म्हणजे हे बरेच दिवस चालू असणार. सिक्युरिटी शपथा घ्यायला लागली, मीच तर पकडून दिलं सर, म्हणायला लागली. साहेब म्हणाले, फसल्यावर सगळेच पकडून देतात. आईने गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. डबा साखरेसकट एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॅबिनच्या फळीवर ठेवला गेला. मोठ्या गेटमधून तेवढ्यात निळ्या ड्रमची गाडी बाहेर पडली आणि पुरुष गार्डाने तिला हात केला. त्या दिवशी बुधवार होता. ड्रममध्ये शिरा असणार.

आम्ही तिघी एकाच रस्त्याने चालत घरी आलो. एकाच रांगेत राहणाऱ्या बायका दुसऱ्या कुठल्या रस्त्याने जाणार? सिक्युरिटी पुढे, आम्ही मागे. घरी आल्यावर मी आईच्या डोक्यावरची जाळी काढली. ती तशीच राहिली आहे हे तिला आठवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आईचं ताट घरी आलं. पहिल्या संध्याकाळी तिने सवयीने चतकोर मोडला आणि म्हणाली, मी तिकडं... बहीण ताटावरून उठून नळावर गेली. नंतर आम्ही पीठ कमी पडू नये म्हणून भाकऱ्या लहान केल्या, मग पातळ केल्या. आई दुसरीकडे काम शोधत होती, पण पट्ट्यातल्या ठेकेदारांचे एकमेकांना फोन असतात. कँटीनमधून चोरीवरून काढलेली बाई, एवढं पुरतं. मालकीणबाईंनी गव्हाचा भाव वाढवला. त्यांना काम गेल्याचं कळलं होतं. मी म्हटलं, आता तर कमी करायला हवा. तर त्या म्हणाल्या, “गरज तुमची वाढलीया, कोंबड्यांची न्हाई.” हे त्या अगदी प्रेमाने बोलल्या.

आई आळंदीला जायला लागली. चाकणहून बस आहे, आणि तिथे कुणी ना कुणी अन्नदान करतच असतं. वाढदिवस, वर्षश्राद्ध, नवस. ती एकादशीला जायची नाही. त्या दिवशी भक्तांचा उपास असतो आणि उपाशी माणसाने उपास करणाऱ्यांत जाऊन काय करायचं? ती बारशीला जायची, उपास सुटतात तेव्हा. पोटभर जेवून यायची. पहिल्यांदा गेली तेव्हा तिने आम्हा दोघींसाठी चार पुऱ्या पिशवीत टाकायचा प्रयत्न केला, तर वाढणाऱ्या दादांनी हात धरला. माउली, हितं किती पण जेवा, बाहेर न्यायचं नाही. घरी येऊन आई हे सांगताना हसली. म्हणाली, देवाच्या दारात पण गेटच हाय.

एका बारशीला ती आली ती वेगळ्याच तोऱ्यात. पंगतीत समोरच्या ओळीत सिक्युरिटी बसली होती म्हणे. टेम्पोवाला नवरा त्या महिन्यात आलाच नव्हता, पैसेही आले नव्हते, हे पत्र्यातून आम्हाला कळलं होतं. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघींनी मान खाली घालून जेवण केलं. आई पाय धुऊन आत आली आणि मला म्हणाली, “दोनदा भात मागून घेतला तिनं. दोनदा.” तिच्या आवाजात जो आनंद होता तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मलाही बरं वाटलं, आणि ते लपवण्यासारखं मला काही वाटत नाही. भूक लागली की माणूस मोठ्या मनाचा होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी पोटभर जेवून ते लिहिलेलं असतं.

मग माझा ब्रेक संपला. वेगळ्या ठेकेदारामार्फत मला त्याच कंपनीत परत घेतलं. आईचं नाव कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रुजू होताना गेटच्या कॅबिनमध्ये फोटो काढायला उभी राहिले तर फळीवर तो डबा दिसला, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीच्या भोकातून मुंग्यांची रांग लागलेली. साखरेचा शेवट मुंग्यांनी केला होता. नव्या गार्डने विचारलं, काय बघता? मी म्हटलं, काही नाही.

पहिला पगार झाला त्या दिवशी मी येताना ज्वारी, तेल, साखर, डाळ, सगळं आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारी दळून आणली. पिठाचा डबा वरपर्यंत भरला, झाकण लावताना पीठ उडालं. आई बराच वेळ त्या डब्याजवळ नुसती बसून होती.

त्याच दिवशी दिवेलागणीला दारात सिक्युरिटी उभी राहिली. गेटनंतर ती पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्याशी आली होती. गाल बसले होते. हातात वाटी होती, तीही लग्नातलीच, नाव कोरलेली. तिने आत पाहिलं नाही. पिठाची गिरणीची पिशवी दारातच झटकून वाळत घातलेली होती, ती तिला दिसली असणार. ती म्हणाली, “मावशी, वाटीभर पीठ द्या. त्यो आला की देते.”

आईने तिच्या हातातली वाटी घेतली. आत आली. मी पिठाच्या डब्याशीच बसले होते, मला वाटलं ती मला बाजूला सरक म्हणेल. ती माझ्या बाजूने पुढे गेली, फळीवरचा साखरेचा डबा काढला आणि मूठभर साखर वाटीत घातली. पिठाच्या डब्याकडे तिने पाहिलंही नाही. दारात जाऊन तिने वाटी दोन्ही हातांनी पुढे केली.

“घे,” ती म्हणाली. “रिकामी देत नसते मी कुणाला.”

सिक्युरिटीने वाटीत पाहिलं. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तीही मराठी घरातलीच पोर होती. ती काहीतरी बोलेल, निदान वाटी उंबऱ्यावर आपटेल, असं मला वाटलं. तिने वाटी घेतली, वर दुसरा हात धरला, वाऱ्याने साखर उडू नये म्हणून, आणि गेली. पलीकडे दार लागल्याचं ऐकू आलं.

आईने परात घेतली, पीठ मळलं आणि भाकरी थापायला बसली. पत्रा तोच होता. त्या संध्याकाळी तिने हात हलका ठेवला नाही. एकेक भाकरी ती जोरात थापत होती, पलीकडे मोजता यावी इतक्या जोरात, आणि आम्हा तिघींना लागतात त्याहून जास्त थापत होती.